दोन मनोऱ्यांमधले अंगण

(मुंबईच्या पूर्व उपनगरातील गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी व कार्यकर्ते यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



आज इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या सोसायट्यांचा पुनर्विकास या ना त्या टप्प्यावर आहे, असे संयोजकांनी मला सांगितले. कुणाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत अडला आहे, कुणाच्या निविदा उघडल्या गेल्या आहेत, तर कुणी भाड्याच्या घरात राहून नव्या घराच्या किल्लीची वाट पाहत आहे. अशा सभांना वार्ताहर म्हणून मी बरीच वर्षे जात आलो आहे. तिथे ठरलेले चार प्रश्न विचारले जातात. चटई क्षेत्र किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती, भाडे किती आणि गाडीला जागा मिळणार की नाही. हे प्रश्न रास्तच आहेत. ज्याने आयुष्याची पुंजी एका खोलीत घातली त्याने ते विचारलेच पाहिजेत. परंतु इमारती उभ्या राहिल्यानंतर त्यांच्या मधल्या जमिनीचे काय होणार, हा प्रश्न मी अशा सभांत क्वचितच ऐकला आहे. त्या जागेला आपण सहज 'उरलेली जागा' म्हणतो. माझे आजचे सगळे म्हणणे या एका शब्दाविरुद्ध आहे. दाटीच्या शहरात जागा आपोआप उरत नाही. कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ती राखावी लागते, आणि नंतर रोज सांभाळावी लागते.

मुंबईने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन घेतला होता. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला. त्या काळच्या चाळींमध्ये दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ भिडलेल्या असत. मध्ये उरे ती 'घरगल्ली'. मोऱ्यांचे पाणी, केरकचरा आणि घुशी-उंदीर यांचे ते राज्य. प्लेगनंतर १८९८ साली 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली तितक्या प्रमाणात नवी बांधली नाहीत, हा त्याच्यावरचा आरोप खरा आहे. परकीय राजवटीला रयतेपेक्षा बंदराचा व्यापार प्रिय होता, हेही खरे. तरीसुद्धा त्याच ट्रस्टच्या काळात एक नियम पुढे आला, तो आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत. भूमितीत फार न शिरता सांगायचे, तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी हवी, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोलीतही उजेड आणि वारा पोहोचतो. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्सचा परिसर याच ट्रस्टच्या आखणीतून उभा राहिला. तिथल्या झाडांखालून आजही चालताना बरे का वाटते, याचे उत्तर त्या आखणीत आहे.

हाच नियम चाळीस मजली, म्हणजे साधारण १२० मीटर उंचीच्या मनोऱ्याला लावला, तर मध्ये ६० मीटर जागा सोडावी लागेल. आज असे कुणी मागितले तर लोक त्याला वेड्यात काढतील, आणि जमिनीचे भाव पाहता मीही तो आग्रह धरणार नाही. पण उंची आणि मोकळेपणा यांचे एक नाते असते, उंची वाढवली की खालच्या जागेवरचा भार वाढतो, हे तत्त्व तरी आपण सोडू नये. व्यवहारात मात्र नेमके उलटे झाले आहे. मजले वाढत गेले आणि मधली जागा आक्रसत गेली.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आज आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या मिळून १९५ बीडीडी चाळी. १९२०च्या दशकात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले, एकेका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. २०१७ साली त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या घराण्यांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले. या आनंदाला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. चाळसंस्कृतीचे गोडवे गाणारे आपल्यापैकी बरेच जण चाळीत राहत नाहीत, हेही जाता जाता सांगायला हवे.

पण त्या चाळींच्या मधल्या पटांगणांचा हिशेब कुठल्याही करारात नव्हता. तिथे कबड्डीचे संघ घडले. तिथेच गणपतीचा मांडव पडला, दहीहंडी फुटली, सत्यनारायण झाले, सकाळी शाखा लागली, लग्नाच्या पंगती उठल्या आणि कुणी गेले तर माणसेही तिथेच जमली. मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. चाळीला सगळ्यांनी मिळून वापरायचा मोकळा भाग होता आणि वर गॅलऱ्या होत्या, म्हणून तो तिथे रुजला. गॅलरीत उभी असलेली आजी खाली खेळणाऱ्या दहा मुलांवर एकाच वेळी नजर ठेवत असे. त्यासाठी कुणाला पगार द्यावा लागला नाही, कॅमेरे बसवावे लागले नाहीत.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९७१ साली 'इमारतींमधले जीवन' या विषयावर एक पुस्तक लिहिले. जगभरच्या नगररचनाकारांनी ते अभ्यासले. खालच्या काही मजल्यांवरून माणसाचे जमिनीशी नाते राहते, साधारण पाचव्या मजल्याच्या वर ते तुटते, असे त्यांचे निरीक्षण आहे. हाक पोहोचत नाही, चेहरा ओळखू येत नाही. तेविसाव्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलाला खाली खेळायला जायचे, तर उद्वाहन हवे आणि सोबत मोठे माणूस हवे. ज्या घरी दोघेही नोकरीला जातात तिथे ते मूल मग खाली जातच नाही. आजीच्या गुडघ्यांचीही तीच कथा. म्हणून उंच इमारतीत खालची जागा चाळीच्या अंगणापेक्षा अधिक चांगली असावी लागते. तिथवर जाण्याचे कष्ट जास्त असल्यामुळे, जाण्यासारखे काही असल्याखेरीज कुणी जात नाही.

आता नियम काय सांगतात ते पाहू. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार एक हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर करमणुकीसाठी मोकळी जागा राखणे बंधनकारक झाले. भूखंड लहान असेल तर पंधरा टक्के, अडीच हजार चौरस मीटरच्या पुढे वीस टक्के आणि दहा हजारांच्या पुढे पंचवीस टक्के. व्यवहारात हिला सगळे 'आरजी' म्हणतात. पुढे गाड्या वाढल्या, त्यांच्यासाठी तीन-चार मजल्यांचे पोडियम आले, आणि विकासकांनी आरजी उचलून त्या पोडियमच्या छतावर नेऊन ठेवली. खाली जमिनीवर काँक्रीट, वर गच्चीवर गालिच्यासारखी हिरवळ. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निर्वाळा दिला की नियमाने राखायची किमान मोकळी जागा ही जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिची जागा घेऊ शकत नाही.

एवढा स्पष्ट निकाल झाल्यावर विषय संपायला हवा होता. २०१८ साली मंजूर झालेल्या नव्या नियमावलीने मात्र त्यात तडजोड केली. आता राखीव मोकळ्या जागेपैकी निदान साठ टक्के जमिनीच्या पातळीवर हवी, उरलेली चाळीस टक्के पोडियमवर चालेल. आणि त्या साठ टक्क्यांपैकी निम्मी जागा, म्हणजे एकूण मोकळ्या जागेच्या तीस टक्के, 'मदर अर्थ'वर हवी. तिच्यावर फरसबंदी करता येत नाही. 'मदर अर्थ' हा नियमावलीतलाच शब्द आहे. ज्या मातीच्या खाली तळघर नाही, काँक्रीटचा थर नाही, जी थेट पाताळापर्यंत माती आहे, ती मदर अर्थ. ज्या भूमीला आपण रोज माता म्हणून वंदन करतो, तिचा शहरातला वाटा तीस टक्क्यांचा आहे, तोही मोकळ्या जागेच्या तीस टक्क्यांचा. दहा हजार चौरस मीटरच्या भूखंडावर वीस टक्क्यांनी दोन हजार चौरस मीटर आरजी धरली, तर खरी माती फक्त सहाशे चौरस मीटर येते. आपल्या नकाशावर हे सहाशे मीटर नेमके कुठे आहेत, एकत्र आहेत की कुंपणाच्या कडेने पट्ट्या-पट्ट्यांनी विखुरले आहेत, हे किती जणांनी पाहिले आहे?

मातीचा एवढा आग्रह का, असे काही जण विचारतील. पोडियमवरही झाडे लावता येतात. येतात, पण त्यांचे वजन मोजावे लागते. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टनांच्या घरात जाते. हिरवळीला फूटभर माती पुरते. सावली देणाऱ्या वृक्षाला निदान मीटर-दीड मीटर खोली लागते. एवढा भार पेलणारे छत बांधणे महाग पडते, म्हणून पोडियमवर बहुधा हिरवळ, शोभेची झुडपे आणि कुंड्यांतली पामची रोपे दिसतात. चित्रात ती सुंदर दिसतात. मे महिन्यात दुपारी चार वाजता तिथे जाऊन बसून पाहावे.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर सांगतो, कारण माहितीपत्रकात तो कधीच नसतो. मुंबई १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी १२० मीटर उंचीच्या मनोऱ्याची सावली उत्तरेला सुमारे ११० मीटर लांब पडते. थंडीच्या दिवसांत वृद्धांना आणि बाळंतिणींना कोवळे ऊन हवे असते, तेव्हा मनोऱ्याच्या उत्तरेचे अंगण गारठलेले असते. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा तोच चाळीस मजल्यांचा मनोरा पायथ्याशी हातभरही सावली देत नाही. अर्थात सकाळ-संध्याकाळी त्याची सावली मिळते. पण उन्हाळ्यातल्या टळटळीत तासांना उपाय वृक्षाचाच. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट अनुभवाला येते. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरतो आणि दोन मनोऱ्यांच्या फटीतून दुप्पट जोराने घुसतो. छत्र्या उलट्या होतात, बाकांवर कुणी बसत नाही. बाक, खेळाची जागा, वाचनकट्टा कुठे ठेवायचा, हे ऊन-वारा पाहून ठरवायचे असते. बहुतेक नकाशांत ते प्रवेशद्वारातून कसे दिसेल ते पाहून ठरते.

झाडांच्या निवडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. रेन ट्री दक्षिण अमेरिकेतून आला, गुलमोहर मादागास्करहून. दोघांचेही आपल्याशी वैर नाही. पण गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या किडीने मुंबईतले कितीतरी रेन ट्री वाळून गेले, ते आपण पाहिले. वर्षानुवर्षे एकाच जातीवर विसंबलो, त्याचा हा परिणाम. बकुळ, करंज, सोनचाफा, बहावा, कडुनिंब आणि आपले राज्यपुष्प असलेले ताम्हण, ही झाडे इथल्या पावसाला आणि पाखरांना ओळखतात. बकुळीखाली बारा महिने गडद सावली असते. पुनर्विकासाच्या जागेवर आधीच जी मोठी झाडे आहेत त्यांचे काय, हा प्रश्न तर पहिला हवा. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने ती तोडायला परवानगी लागते आणि बदली झाडे लावावी लागतात. पण चाळीस वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात लावलेले चार हाताचे रोप सावली देईपर्यंत आजचे आजोबा राहणार नाहीत. इमारतीची जागा नकाशावर पाच-सहा मीटरने सरकवून झाड वाचल्याची उदाहरणे आहेत. ती सूचना नकाशा मंजूर होण्यापूर्वी करावी लागते. नंतर फक्त हळहळ करता येते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. मुंबईत वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटर जागेवर म्हणजे बावीस लाख लिटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या शहरात पाण्याला जिरायला जागा नव्हती. २००२ पासून मोठ्या आणि २००७ पासून तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. कागदावर सगळ्यांकडे ते आहे. प्रत्यक्षात किती टाक्या पावसाळ्यापूर्वी साफ होतात, हे त्या त्या सचिवांनी मनाशी आठवावे. आणि एकीकडे उन्हाळ्यात टँकर मागवायचे, दुसरीकडे दिखाऊ हिरवळीला रोज हजारो लिटर पाणी पाजायचे, हा उफराटा व्यवहार आहे. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा असते. तिचे पाणी बागेला वापरावे, आणि ओला कचरा आवारातच जिरवून त्याचे खत त्याच मातीत घालावे. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असे महापालिकेने २०१७ सालीच बजावले होते. ज्यांनी ते मनापासून केले, त्यांचा माळ्याचा खतखर्च वाचला. इतरांकडे खताचे यंत्र ताडपत्रीखाली झाकलेले असते.

या सगळ्याला खाऊन टाकणारी गोष्ट म्हणजे मोटार. नव्या इमारतीला फायर इंजिन सगळीकडून फिरता यावे म्हणून भोवती निदान सहा मीटरचा मार्ग ठेवावा लागतो, आणि ४५ टनांपर्यंतचा भार पेलेल इतका तो भक्कम करावा लागतो. तिथे झाड लावता येत नाही, मांडव टाकता येत नाही. नियम योग्य आहे, त्याच्याशी खेळ नको. पण बहुतेक ठिकाणी या मार्गावर पाहुण्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. म्हणजे आग लागली तर बंब येऊ शकत नाही आणि एरवी मुलांना सायकल चालवता येत नाही. गाड्यांना प्रवेशद्वारापाशीच वळवून तळघरात किंवा पोडियममध्ये नेले, तर हाच मार्ग सकाळी वृद्धांच्या फेऱ्यांसाठी आणि संध्याकाळी मुलांसाठी मोकळा राहतो. स्टिल्टमधली जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सर्वांच्या सामायिक मालकीची आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिला आहे. तो निकाल सभेत वाचून दाखवण्यासारखा आहे.

पण समजा, माती राखली, झाडे जगली, गाड्या हटल्या. तरीही जागा जिवंत होईलच असे नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची वसाहत बांधली गेली. अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती आणि मध्ये भरपूर हिरवळ. वीस वर्षेही झाली नाहीत तोच, १९७२ पासून ती सुरुंग लावून पाडावी लागली. त्यामागे बेकारी होती, वर्णभेद होता, देखभालीला पैसा नव्हता. केवळ रचनेला दोष देणे अन्यायाचे होईल. तरी ऑस्कर न्यूमन या अभ्यासकाचे एक निरीक्षण मोलाचे आहे. जिथे दोन कुटुंबांमध्ये एक जिना होता, तो भाग स्वच्छ होता. जी जागा सर्वांची होती, ती कुणाचीच नव्हती. तिथे काचांचा खच पडला.

आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी ही गोष्ट फार चांगली ओळखली होती. उष्ण हवामानात आकाशाखालची जागा हीच एक खोली असते, गरीब कुटुंबाच्या घराचा ती मोठा भाग असते, असे ते सांगत. १९८०च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे त्यांनी जी बैठी वसाहत आखली, तिच्यात सात-सात घरे एका लहान चौकाभोवती आहेत. असे काही चौक मिळून एक मोठे अंगण, आणि पुढे मैदान. वाड्याचा चौक, आळी आणि गावाची चावडी हीच ती उतरंड. मनोऱ्यांत बैठी घरे बांधता येणार नाहीत, पण उतरंड ठेवता येते. प्रत्येक विंगच्या दाराशी तिचा स्वतःचा कट्टा आणि दोन झाडे, दोन-तीन विंगांमध्ये लहान मुलांची जागा, आणि सर्वांसाठी एक मैदान. सिंगापूरने सरकारी गृहसंकुलांच्या इमारतींखालचा तळमजला मोकळा सोडला. तिथे लग्ने लागतात, अंत्यदर्शनाला माणसे जमतात, म्हातारे पटावर बसतात. आपल्या नव्या संकुलांत कुणाचे निधन झाले तर तिरडी कुठे ठेवायची, हा प्रश्न ऐन वेळी पडतो. हे बोलायला अप्रशस्त वाटते, पण आराखडा करताना कुणीतरी बोलले पाहिजे.

आणि आता थोडे कटू. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये मधले अंतर तीन मीटरपर्यंत खाली आणण्याची मुभा दिली गेली. मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती पाहाव्यात. सात-आठ मजल्यांच्या इमारती आणि मध्ये बोळ. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो, खिडकीतून फेकलेला कचरा बोळात साचतो. घरगल्ली परत आली, एवढेच. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. या दोन वसाहतींत दर दहा कुटुंबांमागे साधारण एका कुटुंबात क्षयाचा रुग्ण आढळला होता. जवळच्याच, अधिक अंतर सोडून बांधलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास होते. त्याच नटवर पारेख वसाहतीत पुढे रहिवाशांनी वास्तुरचनाकारांना सोबत घेऊन बोळ उपसले, झाडे लावली, भिंती रंगवल्या, आणि २०२३च्या फेब्रुवारीत तिथे कला महोत्सवही भरला. रहिवाशांच्या उमेदीचे कौतुक आहेच. तीन मीटरच्या नियमाचे मात्र ते समर्थन होऊ शकत नाही.

पुनर्वसनाच्या इमारती आणि विक्रीच्या इमारती एकाच भूखंडावर असतात. मध्ये बहुधा भिंत उभी राहते, आणि मैदान, झाडे, पाण्याचे हौद भिंतीच्या विक्रीच्या बाजूला जातात. ज्यांच्या जमिनीमुळे आणि संमतीमुळे प्रकल्प उभा राहिला, त्यांची मुले त्या भिंतीवरून पलीकडची घसरगुंडी पाहतात. समरसता हा शब्द आपण सर्वच जण व्यासपीठावरून आवडीने वापरतो. आपापल्या सोसायटीत जेव्हा या भिंतीचा ठराव येईल, तेव्हा आपण कुठल्या बाजूने हात वर करणार, हे आजच मनाशी ठरवून ठेवलेले बरे. नियमावली सांगते की मोकळी जागा त्या भूखंडावरील सर्व रहिवाशांना वापरता आली पाहिजे. ज्यांना केवळ कायद्याची भाषा कळते, त्यांना ती सांगावी.

व्यवहाराचे बोलून थांबतो. पुनर्विकासाची पद्धत राज्य सरकारने ३ जानेवारी २००९च्या आणि नंतर ४ जुलै २०१९च्या निर्णयाने घालून दिली आहे. त्यात वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमून आधी शक्यता अहवाल करायचा असतो. या अहवालातच मोकळ्या जागेचे वेगळे प्रकरण मागा. विकासक निवडल्यानंतर मागाल तर उशीर झालेला असेल, कारण तोवर तळघराची हद्द ठरलेली असते आणि तळघर कुंपणापर्यंत गेले की मदर अर्थ संपली. जमिनीचा स्वतंत्र नकाशा मागून घ्या. त्याच्यावर तळघराची रेषा, बंबाचा मार्ग, जुनी झाडे आणि मोकळी माती चार रंगांत दाखवायला सांगा. डिसेंबर आणि मे या दोन महिन्यांची सावली काढून मागा. संगणकावर ते तासाभराचे काम आहे. करारनाम्यात चटई क्षेत्राप्रमाणेच मातीचे चौरस मीटर आकड्यांत लिहून घ्या. 'लँडस्केप गार्डन' या दोन शब्दांवर सही करू नका.

आणि ज्यांच्या इमारती आधीच उभ्या आहेत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पेव्हर ब्लॉकने गळा आवळलेल्या झाडांभोवतीची मीटरभर जागा एका रविवारी मोकळी करता येते. पाठ टेकता येईल असे बाक सावलीत हलवता येतात. खाली एक स्वच्छतागृह सर्वांसाठी उघडे ठेवले तर महिला आणि वृद्ध दोन तास खाली थांबतात. कुलूप लावले तर वीस मिनिटांत वर जातात. 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' या पाटीऐवजी खेळाच्या वेळांची पाटी लावता येते. काचा फुटतील, त्या वर्गणीतून बसवाव्यात. उद्वाहनाच्या दुरुस्तीपुढे तो खर्च किरकोळ आहे. बाग समितीत मुलांचे दोन प्रतिनिधी घेतले तर झाडांना पाणी कोण घालणार हा वाद बराच कमी होतो, असे मी दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेचे सूचनापत्र चौदा दिवस आधी लावावे लागते. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यांच्यात टाकू नका. तिथे पोहोचेपर्यंत लोक चहाला उठलेले असतात. चटई क्षेत्राच्या लगेच खालचा क्रमांक त्याला द्या. नमुन्याचा जमीन-नकाशा मी सोबत आणला आहे. तो मागच्या मेजावर ठेवला आहे. पाहून घ्या, आणि आता आपले प्रश्न घेऊ.